बंगई

तोताराम मिस्तरी दवाखान्यात यायचा
ते दुखण्यासाठी नाही.
चोपड्यात तेव्हा मिक्स्चर मी हातानं भरायचो,
कातरलेली कागदाची पट्टी, सहा डोस,
डिंकानं बाटलीवर चिकटवायचो
आणि प्रत्येकाला सांगायचो, बाटली परत आणा.
आणणारे थोडे. आणलेल्यांतल्या निम्म्या तो न्यायचा.
एकेक उजेडाला धरून, एक डोळा मिटून,
“ही चालाव नही. गया बारीक जोयजे.”
रुंद गळ्यातून काय,
म्हैस बी जास, म्हणायचा.

आधी एक दमणी केली, मग उसाचा चरक,
मग तापीवरची नाव, शिडाशिवायची,
जिनं कधी अलीकडचा नि पलीकडचा
असे दोनच काठ पाहिलेले.
लाकूड पांगाऱ्याचं. दोर केळीच्या सोपटाचा.
हत्यारं म्हणजे सायकलच्या तारा,
एक ठोकून चपटी केलेली, एक वाकडी,
एकीच्या टोकाला सुईचं नेढं.
वस्तू मोडून न्यायची नाही, मिटून न्यायची,
छत्रीसारखी. आत गेल्यावर दोरा ओढायचा
आणि श्वास धरून बसायचं
ती उभी राहीपर्यंत.

मे महिन्यात डिंक गळ्यातच सुकायचा.
पंचेचाळीसच्या वर, काच हाताला पोळे.
मग हा रात्री तीनला उठे,
बाटली ओल्या गोणपाटात, बल्ब दोरीला.
बेबाबाई कूस बदलून म्हणे,
चोर बी इतलं हयूहयू काम करत नही.

कोकिळा लग्न होऊन उधन्याला गेली.
पत्र्याची खोली, पाच माणसं, वर आढं नाही,
कडी ठोकायची कुठं?
म्हणून त्यानं बाटलीत बंगई केली.
सागाचा पाट, नखाएवढा नाही, दोन नखांएवढा.
पितळी तारेच्या चार साखळ्या,
कडी कडीत ओवलेली, आतच.
कितीतरी रात्री गेल्या. मोजल्या नाहीत,
बेबाबाईनं मोजल्या असतील.
टेबलाला गुडघा लागला की हलायची.
मी मुद्दाम लावायचो.

कोंडाईबारीच्या घाटात एसटीनं ब्रेक मारला,
वरची ट्रंक खाली आली.
बाटलीचा भुगा. बंगईला ओरखडा नाही.

दिवाळीला कोकिळानं ती रुमालात बांधून आणली.
तळहातावर ठेवून सगळ्यांनी पाहिली.
बरी आहे, म्हणाले. पोरांना खेळायला होईल.
आत गेली कशी, हे आता
कोण विचारणार, आणि कशाबद्दल?

तो माझ्याकडे आला.
तोवर प्लास्टिक आलं होतं.
मागच्या कपाटात एरंडेलाची एक सापडली,
त्याच मापाची, गळा बारीक.
तीन रात्री त्यानं खटपट केली.
बंगई मिटेना.
डिंक हाडासारखा झालेला,
बिजागऱ्या होत्या तिथं आता नुसते सांधे.
“गुडघा से हाऊ,” म्हणाला, “एकदा धरना की धरना.”
नवी कर की, मी म्हटलं, आठ दिवसांत होईल.
त्यानं सायकलची तार धोतराला पुसली,
पुन्हा पुसली,
आणि तिथंच, वजनकाट्याजवळ, ठेवून गेला.

अजून आहे. खिडकीच्या फळीवर बंगई,
शेजारी ती बाटली, बूच लावलेली, रिकामी.
आत होती तेव्हा कुणी हात लावला तरच हलायची.
इथं दुपारी सातपुड्याकडून वारा सुटतो,
धूळ येते, केसपेपर उडतात,
आणि ती हलते, कुणी नसताना,
आवाज होईल इतकंही वजन नाही तिला.

पेशंट विचारतात, विकायची आहे का ही?
मी गोळ्यांची पुडी बांधत सांगतो,
जेवणानंतर. पाण्यासोबत.