विषय क्रमांक तीन

दोनापावलाच्या उतारावरचं आमचं कार्यालय.
दारात अकरा झेंडे;
त्यातला एक वाऱ्याने असा विरलाय
की तो कुठल्या देशाचा, मला बावीस वर्षांत
छातीठोक सांगता आलेलं नाही.

आज मुख्यालयातून पाहुणे आलेत.
विषय क्रमांक तीन:
तरुण गुणवत्तेला आकर्षित करणे
व टिकवून ठेवणे.
मी इतिवृत्त लिहिते.

काचेपलीकडे झुआरी ओसरतेय.
आत पडद्यावर आलेखही.
तिशीच्या आतले, म्हणतात, दीड वर्षात जातात.
कुणी सुचवतं शिबिर, कुणी रंगीत खुर्च्या.
एक गृहस्थ चष्मा पुसत म्हणतात,
या पिढीला धीर नाही.
मी लिहिते: धीर.

भरती बंद आहे,
हे मी फोनवर रोज कुणाला ना कुणाला सांगते,
आणि ती माझ्या खिडकीखाली
दिवसातून दोनदा येते.

झेलिया कुलासोचं पहिलं पत्र मीच टाइप केलं.
अकरा महिने. मग एकतीस दिवस खंड.
मग पुन्हा अकरा.
"खंड म्हणजे काय?"
म्हटलं, बाय, तेवढे दिवस तू आमची कुणी नाहीस.
हसली.
दिवाडीहून फेरीबोटीने यायची,
पाठीवर चिखलाच्या बाटल्या
आणि कागदात गुंडाळलेले उंडे, दोन माझ्या वाट्याचे.
खाजनात खारं पाणी कुठल्या बांधाशी किती बोटं चढलं
हे तिला तोंडपाठ.
आम्हाला तिचा हुद्दा आठवायचा नाही:
कधी प्रशिक्षणार्थी, कधी सल्लागार,
एकदा आठ महिने नुसतंच "इतर".

खंडात तिचं कार्ड दार उघडत नसे.
पण समुद्राला कुठला खंड?
मग फाटकावर बाबुसोकडे
पाहुण्यांच्या वहीत नाव लिहून आत यायची.
ती वही मी जपून ठेवलीय.
कुणाला भेटायचे: आडवी रेघ.
काम: पाणी.
बाहेर जाण्याची वेळ: साडेसात, साडेआठ,
एके रात्री कोरीच.

तिचा बाप मानशीवर असतो.
एकदा जेवताना मला समजावत होती,
ते दार कुणी ओढत नाही की लोटत नाही,
पाणी चढलं की पाणीच ते मिटतं
आणि उतरलं की पाणीच उघडतं.
मी विचारलं, आणि मासे?
"मासे आत येतात तेव्हा कोण बघतं?
जाळं लावतात ते जाताना."

गेली त्या दिवशी आम्हीही लावलं.
चौदा प्रश्नांचा कागद,
तुम्हाला आपुलकी वाटली का, खाली पाच चौकोन.
तेरा तिने रिकामे सोडले.
चौदाव्यापुढे, इतर सूचना, तिथे बारीक अक्षरात:
फ्रिजमध्ये माझ्या सतरा बाटल्या आहेत.
टाकू नका.

लांब नाही गेली. फेरीबोटीपलीकडे.
बेटावरच्या शेतकऱ्यांनी मिळून तिला नोंदींवर बसवलंय.
पगार आमच्या तिसऱ्या हिश्शाएवढा.
पत्र आहे म्हणे, हाताने लिहिलेलं,
आणि त्यात तारीख एकच, सुरुवातीची.

माझं विचाराल तर
मला कुणी आकर्षित केलं नव्हतं.
जाहिरात होती, मराठी पेपरात, दोन ओळींची.
टिकलेय.
असं का, हा कुठल्याच बैठकीचा विषय नव्हता.

चहाची सुट्टी.
धीरवाले गृहस्थ दूध शोधत फ्रिजपाशी गेले,
दार उघडून थबकले.
काळा, हिरवट, तांबूस; झाकणांवर तारखा.
"हे काय आहे?"
दिवाडीचा चिखल, साहेब, म्हटलं.
"इथे कशाला?"
कुणीतरी ठेवायला सांगितलं होतं.
दूध खालच्या कप्प्यात आहे.