मोज्यातले ओट

डंडीत खोबरेल ऑक्टोबरातच गोठतं.
बाटली रेडिएटरवर ठेवून
मी शाल्मलीच्या कोपराची खळी बघत बसतो:
लाल, खरखरीत,
पाच महिन्यांची, आणि आत्ताच इतकी रागावलेली.

वहिनीची पुडी कस्टमवाल्यांनी
फोडून पुन्हा चिकटवली होती.
मसूर, वेखंड, आंबेहळद.
पिठानं पोर कळवळली,
हळदीनं फक्त टॉवेल पिवळा झाला.

मग खालच्या मजल्यावरची मॉराग आली,
काखेत ओटचा डबा.
धुतलेला मोजा आण, म्हणाली,
लोकरीचा नको, सुती.
मूठभर ओट, वर गाठ,
आणि कोमट पाण्यात पिळत राहायचं
गाईची धार काढल्यासारखं.
हे तिनं बोटांनीच दाखवलं.

पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं.
माझी बोटं गॅरेजातली, ग्रीस न सुटणारी,
तीही त्यात जराशी परकी वाटली.
शाल्मलीनं मूठ उघडली
आणि मोजाच चोखायला घेतला.
तेल तोवर विरघळलं होतं.

सकाळी अंधारात, घाईत,
मी तोच मोजा पायात घातला.
दिवसभर गाड्यांखाली आडवा,
अंगठ्याशी एक कणी टोचत होती.
बूट काढला नाही.