दोन ‘कुठे’

फहाहीलला, टिपणीस बाईंच्या तिसऱ्या मजल्यावर
दर गुरुवारी जर्मनचा क्लास.
आम्ही सहा जण. त्यात तू, अर्कम सारंग, मूळचा नाट्याचा.
दाराशी चपलांच्या ढिगात तुझे बूट कोणते
ते मला न बघता कळायचं.

बाई सांगायच्या, जर्मनमध्ये ‘कुठे’ दोन असतात.
‘व्हो’ म्हणजे, आहेस कुठे.
‘व्होहिन’ म्हणजे, निघालास कुठे.
‘मराठीत आपण एकावरच भागवतो,’ तू म्हणालास.
मी वहीत उतरवून घेतलं
तुझं वाक्य. त्यांचा नियम राहूनच गेला.

त्या दिवशी व्याकरण नव्हतं. भिंतीवर चादर,
चादरीला निळ्या फुलांची किनार, तिच्यावर जर्मनी:
हिरव्या रेनकोटातली एक मुलगी,
क्लॅरिनेट वाजवणारा एक मुलगा,
आणि डोंगरापलीकडच्या अणुभट्टीत काहीतरी फुटलेलं.
धार न काढलेल्या गाई गोठ्यात हंबरत होत्या.
पुलावर दोघांची चुकामूक झाली.
सगळं गाव ओरडत होतं, व्होहिन, व्होहिन,
आणि वरून पाऊस.
‘भिजू नको गं बाई,’ स्नेहल पुटपुटली,
जणू ती मुलगी मराठी शिकलेली.
आम्हाला हसू फुटलं. पावसाला भ्यायचं
हे कुवेतमध्ये वाढलेल्या पोरांना कसं कळावं?

मग भोंगा झाला. आधी वाटलं, सिनेमातलाच.
बाईंनी सिनेमा थांबवला. चादरीवर मुलगी थांबली,
तोंड अर्धं उघडं.
भोंगा थांबला नाही.

बाहेर शमाल सुटलेला. रस्त्यावरचे दिवे चहाच्या रंगाचे.
खालच्या बकाल्याचं शटर धाडकन पडलं.
कुणाचाच फोन लागेना.
आखातापलीकडे एक अणुभट्टी आहे,
भूगोलात एका ठिपक्यापुरती आम्हाला ठाऊक होती.
माझे बाबा पाण्याच्या कारखान्यात. इथे समुद्र उकळतात
तेव्हा नळाला पाणी येतं.
ते एकदा जेवताना म्हणाले होते,
ढग इकडे वळला तर सगळ्यात आधी नळ बंद करावे लागतील.
मग त्यांनी भाताचं भांडं पुढे ओढलं होतं.

बाईंनी घरातले सगळे टॉवेल भिजवले,
दारा-खिडक्यांच्या फटींत कोंबायला.
तू एक टोक धरलंस, मी दुसरं,
उलट्या दिशांनी पिळत गेलो,
आणि पिळता पिळता जवळ आलो,
कारण पिळला की टॉवेल आखडतो.

तेव्हा तू सांगितलंस, अगदी हळू,
की गावच्या सड्यावर अशीच भट्टी यायची होती,
की चुलते होडीला काळं फडकं बांधून गेले होते,
की परतले ते लंगडत,
की घरात त्यावर कुणी बोलत नाही.
पाणी आपल्या मनगटांवरून कोपरांपर्यंत उतरलं.
‘आपण व्होहिन?’ मी विचारलं.
‘पासपोर्ट अब्बांच्या कफीलकडे आहेत,’ तू म्हणालास.

चौदा मिनिटं.
मग रेडिओवर अरबीत कुणीतरी सांगितलं, तांत्रिक बिघाड.
बाईंनी सगळ्यांना लिंबाचं सरबत दिलं, साखर फार झालेली.
सिनेमा पुन्हा लावला नाही.

आता मी बाबांच्याच कारखान्यात, प्रयोगशाळेत.
पहाटे साडेचारला समुद्राचा नमुना घेते,
मोजते, रकान्यात ‘मर्यादेत’ असं लिहिते.
त्या मुलीचं पुढे काय झालं,
क्लॅरिनेटवाला तिला सापडला का,
शोधता आलं असतं. शोधलं नाही.

काल रात्री, आठ वर्षांनी, तुझा मेसेज:
‘कुठे?’
एवढंच. मराठीत.

बाटलीवर लेबल चिकटवते. तारीख. वेळ.
पाण्याचं तापमान एकोणतीस.
यातला कुठला विचारलास, अर्कम?