ङने सुरू होणारे शब्द

मंगळवारी सात वाजता वाइरोआच्या वाचनालयात
मागची खोली उघडतात. खुर्च्या बालविभागातल्या,
गुडघे हनुवटीशी येतात.
शिकवणारी तेवीस वर्षांची, नाव ङाहुइआ.
पहिला अर्धा तास तिच्या नावातच गेला.

ङ.
पाटीवर गिरवलं होतं मी हे अक्षर,
ड काढून, शेजारी टिंब देऊन.
मग ते एका वाङ्मयात तेवढं अडकून पडलं,
कुठल्याच शब्दाच्या तोंडाशी पुन्हा भेटलं नाही.
इथे त्याने माणसं सुरू होतात.
लाटसुद्धा: ङारु.
"रंग म्हण," मी शेजारच्या फिलिपाला सांगितलं,
"आणि ग यायच्या आत थांब."
तिला रंगच म्हणता येईना.

डेझ्मंड तामिहाना मात्र पहिल्या फटक्यात म्हणाला.
वय एकाहत्तर. चाळीस वर्षं मांसाच्या कारखान्यात,
डाव्या हाताचं एक बोट तिथेच राहिलंय.
कुठे शिकलात?
कुठेच नाही.
त्याच्या आईला शाळेत या भाषेपायी छडी मिळायची,
म्हणून तिने ती मुलांना दिलीच नाही.
फक्त दूध उतू गेलं की काहीतरी पुटपुटायची,
नाकातून.

फळ्यावर केके. म्हणजे केक.
स्वर लांबवला, केऽकेऽ, की काख.
चहाच्या वेळी फिलिपाने
मोठ्या अदबीने सगळ्यांना लिंबाची काख वाटली.
हसता हसता माझ्या तोंडून निसटलं, काखेत कळसा,
आणि डेझ्मंडकडे नजर गेली तशी
पुढची म्हण मी गिळली.

शेवटी निरोप. तो दोन तऱ्हांचा.
जाणाऱ्याला म्हणायचं हाएरे रा, जा.
जाणाऱ्याने म्हणायचं ए नोहो रा, राहा.
डेझ्मंडने हात वर केला, चार बोटांचा.
"आणि दफनभूमीत?
गाडी काढून परत मी येतो. ती तिथेच असते."
ङाहुइआने पेनाचं टोपण लावलं. काढलं.
"गेलेल्यांना आपण जा म्हणतो, कोरो.
हाएरे, हाएरे."
त्याने वहीत लिहून घेतलं. मग खोडलं.
"तिला आधीच पुष्कळांनी जा म्हटलंय."

कुणी काही बोललं नाही.
बालविभागाच्या भिंतीवर कागदी देवमासा
पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होता.

बाहेर थंडी, नदीवर धुकं.
त्याने पिकअपची काच खाली केली,
"ए नोहो रा."
उत्तर मला पाठ होतं, नुकतंच घोकलेलं.
पण आमच्यात जाणाराही येतो म्हणतो,
आणि जिभेला एकाहून जास्त घरं असली
की ती अंधारात जुन्याच दाराशी जाते.
"या," म्हणाले मी.

"हा कितव्या पानावर आहे?"
त्याने विचारलं, इंजिन चालू ठेवून.