अर्धी मात्रा आधी

ऑस्टेंडला, ट्रामच्या रस्त्यावर, रूलांट
कानात घालायची यंत्रं विकतो.
काउंटरवर मसुरीएवढ्या बॅटऱ्या
आणि एक पाटी: इथे मोठ्याने बोलायची गरज नाही.

पंच्याऐंशी साली याच माणसाने
खांद्यांत उशा शिवलेला पांढरा कोट घालून
बेकरीमागच्या स्टुडिओत एक गाणं म्हटलं होतं.
टेप फिरवायला मी होते.
यीस्टचा वास, तासावर भाडं, उरलेली अकरा मिनिटं,
आणि तो कोरसात शिरला
अर्धी मात्रा आधी.

थांब! दार उघडं ठेव!

डोळे मिटलेले, हात खरोखरच पुढे,
जणू समोर लाकडी दार होतं
आणि पलीकडे कुणीतरी होतं.
(होती. हिल्डेगोंडे. थांबली नाही.)

मी म्हटलं, परत घेऊ.
निर्माता घड्याळ बघत म्हणाला, राहू दे गं,
कुणाच्या लक्षात येतंय.

नाहीच आलं. एक उन्हाळा वाजलं,
मग पेट्रोल पंपावरच्या टोपलीत गेलं,
तीन कॅसेटींवर एक फुकट,
त्यातली ती फुकटची.

गेल्या हिवाळ्यात शेजारचा येल्ले फोन नाचवत आला.
लिफ्टचं दार मिटतंय, बाहेर पिझ्झावाला: थांब!
बर्फावरून बस आपली निघालीच आहे: थांब!
फ्रिजपुढे मांजर.
कुठल्याशा देशात सरकार पडलं,
तर तिथेही रूलांट, पांढरा कोट, पुढे आलेला हात.
साडेतीन सेकंद.
मनिलात, साओ पावलोत,
आमच्या भाषेचं अवाक्षर न कळणाऱ्या पोरांच्या खिशात.

हेच का, मला विचारतात.
त्या वर्षी याहून बरी चाळीस गाणी होती,
तालात चोख, कडक इस्त्रीची.
मी म्हणते, चोख वस्तूला धरायला कान नसतो.
ही जरा टवका उडालेली,
तिथून बोट घालून कुणीही उचलावी.
आणि ओळ इतकी रिकामी
की कुणाचंही सामान त्यात मावतं.

पण हे अर्धंच झालं.
टवके उडालेली गाणी तेव्हा पैशाला पासरी होती.
त्यांतले बरेच डोळा मारत गायले होते,
आधी आपणच हसून घेतलं होतं त्यांनी,
दुसऱ्याला काय उरणार.
रूलांटने हातचं काही राखलं नव्हतं.
अशा माणसाचं आधी हसं होतं.
मग दिवस जातात, कोट पिवळा पडतो,
आणि हसं झिजून झिजून
त्याचं नुसतं हसू उरतं.
कधी झालं ते, मला नेमकं सांगता येणार नाही.
मीही पहिल्या आठवड्यात खदखदून हसले.
दुसऱ्या आठवड्यात, भांडी घासताना,
माझा ओला हात आपोआप पुढे गेला.

जूनमध्ये त्याला गेंटच्या जत्रेत बोलावलं.
त्याने महिनाभर तयारी केली,
दुकान बंद करून, मेट्रोनोम लावून.
मंचावर तो आला,
आणि चाळीस वर्षांनी पहिल्यांदा
अगदी मात्रेवर म्हणाला: थांब!

पोरं केव्हाच म्हणून मोकळी झाली होती.
वीस हजार पोरं, अर्धी मात्रा आधी.
वीस हजार हात पुढे.
तो एकटाच बरोबर होता आणि एकटाच उशिरा.
मी बाजूच्या पडद्याआडून पाहिलं,
त्याने माइक खाली केला
आणि ऐकत राहिला,
कानाच्या माणसासारखा, मान किंचित कलती करून.

हिल्डेगोंडे कुठे असते, ठाऊक नाही.
तिलाही कुणा नातवाने पाठवलंच असेल.
हसली असेल, पुढे सरकवलं असेल.
ते दार तिचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता दुकान उघडलं.
काचेवर पोरांनी रात्रीत स्टिकर डकवलाय:
दार उघडं ठेव.
रूलांटने तो खरवडला नाही.
समुद्राचा वारा फार बोचतो म्हणून
दार तेवढं लावून घेतलं.