दातखीळ

कोत्का बंदरात नोव्हेंबरमध्ये
साडेतीनलाच दिवस मिटतो.
ऑर्वोला त्याचं काही नाही.
त्याने दार उघडलं, माझा कोट घेतला,
अचूक खुंटीवर टांगला आणि म्हणाला,
"तुइया, त्याची दातखीळ बसलीय. अकरा वर्षं झाली."

ते म्हणजे एक कार्ड.
वीतभर लांब, हिरवं,
पडद्यावरची अक्षरं त्याला मोठ्याने वाचून दाखवायचं.
टेलिफोन एक्सचेंजमध्ये रात्रपाळ्या करून घेतलेलं,
तेव्हाच्या चार पगारांचं.

मी डोक्याला दिवा बांधला.
खोलीतला बल्ब केव्हाचा गेलेला.
ते मी बोलले नाही. कशाला बोलायचं.

डबा उघडला. आत धुळीची गोधडी.
बोर्डावरची बॅटरी फुटून तिचं निळसर पाणी
दोन वाटा खाऊन बसलेलं;
त्या मी केसाएवढ्या तारेने पुन्हा सांधल्या.
कार्डाच्या सोनेरी कडेवर काळी साय धरलेली,
ती शाळकरी खोडरबराने काढली,
हलक्या हाताने, एकाच दिशेने.
मग खाचेत बसवलं. दाबलं. कट्ट.
बटण.

पंखा घरघरला, डिस्क खोकली,
मेमरी मोजून झाली, सहाशे चाळीस.
कार्ड हूं की चूं नाही.

ऑर्वो कॉफी ओतत होता,
कपाच्या आत बोट धरून, काठ मोजत.
"रागावू नकोस त्याच्यावर," म्हणाला.

मग दिसला तो: मुगाएवढा पिवळा कपॅसिटर,
पोटात शॉर्ट झालेला,
सगळ्यांच्या वाटची वीज एकटा पिऊन बसलेला.
काढला. दुसरा लावला, माझ्याकडच्या एका मेलेल्या रेडिओतला.
शिवाय दोन जंपर गायब, म्हणजे पत्ताच चुकलेला.
"अरे, ते मीच," ऑर्वो म्हणाला,
"साफ करताना. बोटांना वाटलं, काही चिकटलंय."

पुन्हा बटण.
आधी खरखर. नंतर
पिंपात अडकलेल्या माणसाने बोलावं तसं:
"मंगळवार. एक जानेवारी. एकोणीसशे ऐंशी."

माझा जीव भांड्यात पडला.
ऑर्वो हसला. "वय चोरतंय बघ."

मग तो कीबोर्डपाशी बसला आणि वेग वाढवला,
वाढवला,
अजून,
इतका की शब्द उरलेच नाहीत,
नुसत्या पत्र्यावर गारा.
मीच सांधलेला आवाज
आणि मलाच एक अक्षर कळेना.
तो मान तिरकी करून ऐकत होता.
मधेच फिसकन हसला. थांबला.
तेवढंच पुन्हा ऐकलं.

"काय म्हणतंय?"
"काही नाही गं. वाण्याची यादी. ब्याण्णव सालची."
माझ्यासाठी त्याने वेग पार खाली आणला
आणि ते बोलू लागलं,
पेंगुळलेल्या मास्तरासारखं:

राईचं पीठ, दोन किलो.
हेरिंग, खारवलेले.
कॉफी.
बुटांच्या नाड्या, काळ्या. काळ्याच आहेत का, विचारून घेणे.
बल्ब, साठचा. येणाऱ्यांसाठी.

पंखा फिरत राहिला.
ऑर्वोने मान माझ्याकडे वळवली;
मी गप्प होते, म्हणून थोडी चुकीच्या बाजूला.
"तो लागतो ना अजून?"

माझ्या कपाळावरचा उजेड
त्याच्या गालावर पडला होता.
खाली बंदरात एक जहाज भोंगा देत होतं, लांबलचक.

"कोपऱ्यावरचं दुकान," मी विचारलं,
"किती वाजता बंद होतं?"