यलो गेट

शेवंताआत्याच्या लिंबाच्या लोणच्यावर
दाबाला एक लोखंडाचा तुकडा असतो.
चव्वेचाळीस साली गोदी उडाली,
तेव्हा तो माझगावच्या कौलांतून आत आला
आणि पडला तिथेच राहिला.
तुमचे नाही का पडत, ती विचारते.

माझं काम तुकडे मोजायचं.
वर एखादा जुना उपग्रह फुटतो
टाकीच्या तळाशी उरलेल्या इंधनानं,
आणि रात्रपाळीत मी पडद्यावर बघतो:
आधी मूठभर,
मग शेपूट,
काही दिवसांत पृथ्वीभोवती पुरं कडं.
पुढे वर्षं लागतात.
पृथ्वीच्या फुगीर कमरेपायी
एकेकाची वाट जराजराशी कलते,
कड्याचं जाळं होतं.

आणि आत्या, तिथे सगळं उलटं.
ज्याला पुढे धक्का बसतो
तो वर चढतो, लांबची फेरी घेतो, मागे पडतो.
ज्याला मागे रेटलं
तो खाली घसरून पुढे सटकतो.
म्हणजे रेशनच्या रांगेसारखंच, ती म्हणते.

मग परत कुठे येतात ते?
कुठेच नाही. फक्त
जिथे फुटलं ना, त्या जागेवरून
प्रत्येकाची वाट जाते.
हवा घासून घासून ती पुसेपर्यंत,
दर फेरीला.

ती लिंबं हलवत राहिली.

चौदा एप्रिलला, चार वाजायच्या आत,
तिच्या चपला दाराशी नव्हत्या.
यलो गेटचा वॉचमन तिला ओळखतो,
स्टूल आणून देतो.
थोरला भाऊ क्रेनवर होता,
एवढंच त्याला ठाऊक.

बरणी उघडीच होती.
तुकडा मी उचलून ठेवला,
दोन हातांनी.